अठराव्या वाढदिवसानंतरचं घर

लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या बौद्ध विहारातले लोक रचना गजभियेला बरीच वर्षं विमा एजंट समजत होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. कुणी विचारलं, "काय गं, हल्ली काय करतेस?" की ती सांगायची, "पॉलिसीमध्ये काम करते." आणि आपल्या माणसांच्या कानाला पॉलिसी म्हटलं की एकच गोष्ट ऐकू येते. एका बुद्धपौर्णिमेला पुरुषोत्तमकाका खिरीची वाटी घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, साठीनंतरही लाइफ कव्हर मिळतं का? हप्ता जरा बेताचा सांग."

रचनाने समजावलं की काका, ही ती पॉलिसी नव्हे. ही म्हणजे धोरण. सरकारने, कौन्सिलने नियम कसे करावेत, ते कुठे चुकतात, हे त्यांच्या मागे लागून सांगत राहायचं, हे माझं काम. काकांनी खीर संपवली, बराच विचार केला.

"आणि सरकार ऐकतं?"

"कधीकधी."

"मग तुला पगार कोण देतं?"

यावर रचना इतकी हसली की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या.

ती जन्मली स्लाऊमध्येच. वडील, काशीनाथ, साठच्या दशकात नागपूरहून आले, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशीनवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई, लता, प्रायमरी शाळेत डिनर लेडी होती. दुपारच्या सुट्टीत मुलांना वाढायचं, कोण जेवत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, हे तिने वीस-बावीस वर्षं केलं. घरात मराठीच बोलली जायची. रचनाला ती छान यायची, फक्त लिंगांशी तिचं कधी जमलं नाही. 'माझी रिपोर्ट', 'माझा मीटिंग' असं चालायचं. काशीनाथ प्रत्येक वेळी मध्ये थांबवून दुरुस्त करत. त्यामुळे त्या घरातलं एकही भांडण सरळ शेवटपर्यंत गेलं नाही.

युनिव्हर्सिटी संपल्यावर रचनाला जवळच्याच एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात नोकरी लागली. डोक्यावर छप्पर नसलेली माणसं जिथे येतात त्या काउंटरवर ती बसायची. एका सकाळी काळ्या बिन बॅगमध्ये कपडे भरून एक मुलगी समोर आली. रचनाने नेहमीप्रमाणे जन्मतारीख विचारली. तारीख कालचीच निघाली, वर्षं बरोबर अठरा.

"अरे वा, हॅपी बर्थडे!" रचना सवयीने बोलून गेली.

मुलगी हसली. "थँक्स. तू दुसरी. पहिली माझी सोशल वर्कर. टॅक्सीत बसवताना म्हणाली."

ही मुलगी फॉस्टर केअरमधली होती. ज्यांना आईवडील सांभाळू शकत नाहीत अशी मुलं कौन्सिल आपल्या ताब्यात घेतं आणि दुसऱ्या कुटुंबांत ठेवतं. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी मूल मोठं होतं आणि ती खोली पुढच्या मुलासाठी लागते. एवढं रचनाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की तिच्या ऑफिसात या मुलांना एक नाव पडलेलं होतं. जुने लोक त्यांना 'बर्थडेवाले' म्हणायचे, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर रचना जेवली नाही. मग काही वर्षांनी, केअरमधून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी झगडणाऱ्या एका छोट्या चॅरिटीची जाहिरात दिसली तेव्हा तिने कमी पगार बघूनही अर्ज केला.

चॅरिटीचं ऑफिस एका कार्पेटच्या दुकानावर होतं. खाली कुणी गालिचा उलगडला की वर धूळ यायची. ग्लेनिस नावाची वेल्श बाई प्रमुख होती, उंच, मोठ्या आवाजाची, कायम कशावर तरी चहा सांडणारी. रचना तिथे रुजू झाली तेव्हा नवा कायदा नुकता लागू झाला होता. केअर सोडणाऱ्या प्रत्येकाला आता एक सल्लागार मिळणार होता आणि पुढच्या आयुष्याचा एक प्लॅन. "उत्तम आहे," ग्लेनिस म्हणायची. "पण सल्लागाराच्या सोफ्यावर राहता येत नाही आणि प्लॅन अंगावर घेऊन झोपता येत नाही. घराचं काय ते बोला."

दर गुरुवारी संध्याकाळी त्या ऑफिसात सतरा-अठरा वर्षांची मुलंमुली जमायची. पिझ्झा असायचा, गप्पा असायच्या, आणि त्यातूनच कौन्सिलपुढे काय मांडायचं ते ठरायचं. त्यात एक होती केरी-अ‍ॅन. लालसर केस, तोंडाने तिखट, हातात कायम कुठलं तरी समुद्री प्राण्यांचं पुस्तक. समुद्र तिने आयुष्यात दोनदाच पाहिला होता, पण शिकायचं ते समुद्राबद्दलच, असं तिने ठरवून टाकलं होतं. अकराव्या वर्षापासून ती मॉरीन नावाच्या फॉस्टर आईकडे राहत होती. घोळ एवढाच होता की तिचा अठरावा वाढदिवस मे महिन्याच्या शेवटी होता आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा जूनमध्ये.

"म्हणजे बायोलॉजीच्या पेपरच्या आधी मी घर बदलायचं," केरी-अ‍ॅन म्हणाली. "गोगलगायीला बरं असतं. ती घर पाठीवर घेऊन जाते."

रचनाच्या चॅरिटीची मागणी साधी होती. ज्या मुलांना आणि फॉस्टर कुटुंबांना दोघांनाही हवं असेल, त्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत एकत्र राहू द्या. २००४च्या जानेवारीत कौन्सिलच्या कमिटीपुढे हा विषय आला. रचनाने जाडजूड रिपोर्ट लिहिला होता. त्यात आकडे होते, तक्ते होते, दुसऱ्या शहरांतले दाखले होते. मेंबरांनी तो टेबलावर ठेवला होता, एकाने त्यावर आपला चहाचा कप ठेवला होता. मग केरी-अ‍ॅनची पाळी आली. तिचं भाषण दोघींनी मिळून बसवलेलं होतं, तीनदा पाठ करून घेतलं होतं. केरी-अ‍ॅन उभी राहिली, तिने कागदाकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि जीन्सच्या खिशात घातली.

"ज्यांची अठराच्या वरची मुलं अजून घरी राहतात, त्यांनी हात वर करा," केरी-अ‍ॅन म्हणाली.

मेंबर एकमेकांकडे बघू लागले. मग एक हात वर गेला, मग आणखी काही. चेअरमन गोरेपान, टक्कल पडलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनीही कोपरापासून अर्धा हात उचलला.

"तुमचा केवढा आहे?"

"चोवीस," चेअरमन म्हणाले. "तसा तो गेला होता. पण परत आला." थोडं थांबून ते म्हणाले, "ड्रमसेट घेऊन."

सगळा हॉल हसला.

"मग तुम्ही त्याला घरात का घेतलं?"

"का म्हणजे? माझा मुलगा आहे तो."

"आणि मी कोण?" केरी-अ‍ॅनने विचारलं. ती रागाने बोलत नव्हती, खरंच विचारत होती. "मी केअरमध्ये आले तेव्हा मला सांगितलं की आता कायद्याने कौन्सिलच तुझे आईबाप. म्हणजे तुम्ही सगळे. माझ्याइतके आईबाप कुणाला मिळत नाहीत. फक्त त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मे महिन्यानंतर माझ्यासाठी खोली नाही."

कपवाल्या मेंबराने रिपोर्टवरचा कप उचलला.

मात्र कमिटीत डोळे पाणावल्याने निर्णय होत नाहीत. अधिकाऱ्यांनी अभ्यास करावा आणि विषय पुन्हा शरद ऋतूत आणावा, असं ठरलं. ग्लेनिसच्या मते हा मोठाच विजय होता. रचनाला तसं वाटत नव्हतं. शरद ऋतू येणार होता ऑक्टोबरात, वाढदिवस होता मे महिन्यात.

रविवारी ती आईवडिलांकडे जेवायला गेली आणि ताटावर बसून तासभर बोलत राहिली. लता वाढत होती, काशीनाथ ऐकत होते.

"मग ती मॉरीनबाई? ती नाही म्हणून राहिली का?"

"नाही बाबा, ती तर रडते. पण तिच्याकडे दोन छोटी भावंडं येणार आहेत. केरी-अ‍ॅन स्वतःच म्हणते, त्यांना खोली दे. तिला कळते ना, लहान मुलांना कसं वाटतं ते."

"मग पोरगी जाणार कुठे?"

"होस्टेल, नाहीतर बेडसिट, भाड्याची एकच खोली. एक अजून असतं, सपोर्टेड लॉजिंग्ज. म्हणजे कुणीतरी फॅमिली आपल्या घरातला एक खोली देते आणि थोडी काळजी घेते. पण कौन्सिलकडे फॅमिली पुरतच नाहीत."

"घरातला खोली नाही. घरातली खोली," काशीनाथ म्हणाले.

"बाबा!"

"आणखी भात घे," लता म्हणाली. विषय तिथेच संपला, असं रचनाला वाटलं.

मार्चमधल्या एका शनिवारी ती न कळवता घरी गेली. दार उघडंच होतं. आतून काशीनाथांचा आवाज येत होता, आणि तो त्यांचा इंग्रजी आवाज होता, कारखान्यातल्या युनियनच्या सभांमध्ये कमावलेला. बैठकीत एक अनोळखी बाई बसली होती. गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र होतं आणि हातात पोह्यांची प्लेट. काशीनाथ स्टुलावर चढून स्मोक अलार्म दाखवत होते. त्यांनी बटण दाबलं. घरभर कर्कश शिट्टी वाजली.

"वर्क्स!" काशीनाथ समाधानाने म्हणाले आणि दारातल्या मुलीकडे त्यांचं लक्ष गेलं. "अरे, ये ये. या मिस हॉलंड. आपल्या घराची तपासणी करून राहिल्या."

"कशाची तपासणी?"

लताने पदर सारखा केला. "आम्ही अर्ज दिलाय. लॉजिंगचा."

मिस हॉलंडने पोहे संपवले, आणखी थोडे घेतले आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीबद्दल दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं काशीनाथांनी पाऊण तास दिली. मग ती गेली. दार लागल्या लागल्या रचना उसळली.

"तुम्ही मला विचारलं पण नाही! हा माझा काम आहे. ज्या कौन्सिलशी मी भांडते त्यांनाच तुम्ही अर्ज करता? इट्स अ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट! लोक काय म्हणतील, हिने आपल्या आईवडिलांसाठी स्कीम मागितली?"

"माझं काम," काशीनाथ म्हणाले. "माझा नाही, माझं."

"बाबा, प्लीज!"

काशीनाथ खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"तू दर रविवारी येते आणि सांगते, खोल्या नाहीत, माणसं नाहीत. आम्हाला वाटलं तू आम्हालाच सांगून राहिली. आमच्याकडे खोली आहे. आम्ही माणसं आहोत." मग चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "मी मॅट्रिक झालो तेव्हा मी पण एवढाच होतो."

रचनाला वडिलांचं नागपूर माहीत होतं. संत्री, ऊन, दीक्षाभूमी, सायकलवरचं कॉलेज. पुढे जे त्यांनी सांगितलं ते तिने कधी ऐकलं नव्हतं. आपल्या समाजाच्या मुलांसाठी चालवलेल्या एका वसतिगृहात काशीनाथ वाढले. आईवडील दोघेही लहानपणीच गेलेले. वसतिगृहाचा नियम असा की मॅट्रिकचा निकाल लागला की खोली सोडायची, बाहेर पुढची पोरं रांगेत उभी असत. काशीनाथ पास झाले आणि त्यांना रडू फुटलं. पास होऊन रडणारा पोरगा बघून मेश्रामगुरुजी, तिथले वॉर्डन, जवळ आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काशीनाथ, आपल्या कोठीघराला राखणदार पाहिजे, रात्री तिथे झोपत जा.

"कोठीघराला राखणदार कधीच नव्हता," काशीनाथ म्हणाले. "आत होतं काय? ज्वारीची पोती आणि एक फुटका तराजू. पण तिथे झोपून मी कॉलेज केलं. गुरुजींनी नियम मोडला नाही. नियमाच्या शेजारी एक खाट टाकून दिली."

लता चहा टाकायला उठली. तिला ही गोष्ट माहीत होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने ती ऐकली होती.

सोमवारी रचनाने ग्लेनिसला सगळं सांगितलं. ग्लेनिसने डोक्याला हात लावला, मग हसत सुटली. "कौन्सिलला लेखी कळव, आपल्या ट्रस्टींना कळव, आणि त्या घराच्या कुठल्याही निर्णयात पडू नकोस. आणि तुझ्या आईला माझ्याकडून शाबासकी दे."

कुणाला त्या घरी पाठवायचं हे ठरवणं मिस हॉलंडच्या हातात होतं. तिने केरी-अ‍ॅनला तीन घरांची माहिती दिली. केरी-अ‍ॅनने गजभियांचं निवडलं. आडनावावरून तिला लगेच कळलं होतं. पुढच्या गुरुवारी ती पिझ्झाचा तुकडा हातात घेऊन रचनासमोर उभी राहिली.

"तुझी खात्री आहे ना?" रचनाने विचारलं. "मी आहे म्हणून नको घेऊस."

"तू आहेस म्हणून नाही. तिथे लिहिलं होतं, अभ्यासाला स्वतंत्र टेबल आहे, आणि घरमालकांना चर्चेची आवड आहे." ती तोंडभर हसली. "आणि यापुढे घरचं काही विचारू नकोस. कॉन्फिडेन्शियल आहे."

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मॉरीन स्वतः गाडी चालवत तिला घेऊन आली. सामान चार बॅगांत होतं. लता आणि मॉरीन दारातच एकमेकींकडे बघत राहिल्या. मॉरीन म्हणाली, "तिला टोमॅटो चालत नाही, पण केचप चालतो. का ते विचारू नका." लताने मान डोलावली. बावीस वर्षं शाळेत जेवण वाढल्यामुळे असल्या गोष्टींचं तिला नवल नव्हतं.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. केरी-अ‍ॅन आपलं ताट खोलीत घेऊन जायची. बॅगा दाराशीच होत्या, तशाच भरलेल्या. रोजचे कपडे ती त्यातूनच काढायची आणि धुऊन त्यातच भरायची. लताने ते पाहून ठेवलं. एके दिवशी काशीनाथांनी विचारलं, "एवढा उशीर? कुठे होतीस?" तेव्हा ती फटकन म्हणाली, "तुम्ही माझे डॅड नाही."

"नाही," काशीनाथ म्हणाले. "मी म्हातारा आहे आणि मला काळजी करायची सवय आहे. तू फोन केला तर मला मॅच नीट बघता येईल."

यात भांडायला जागाच नव्हती. त्यानंतर ती फोन करायला लागली. मग एका संध्याकाळी जेवायला खाली आली, कारण तिला गांडुळाच्या पाच हृदयांबद्दल कुणाला तरी सांगायचं होतं. काशीनाथांना ते फारच आवडलं. त्यांनी इतके प्रश्न विचारले की लता शेवटी म्हणाली, "अहो, जेवताना गांडुळं नकोत," आणि ते केरी-अ‍ॅनला भाषांतर न करताच कळलं. पुढे तर रोज जेवताना कुठला तरी प्राणी असायचाच. जेलीफिश, समुद्री घोडे, खेकडे. रविवारी रचना आली की तिला वाटायचं आपण चुकीच्या घरी आलो. तिची नेहमीची खुर्ची केरी-अ‍ॅनकडे गेली होती, आणि ती काही विचारायला गेली की केरी-अ‍ॅन ओठांवर बोट ठेवायची. रचनाला याचा थोडा राग यायचा आणि थोडी गंमतही वाटायची.

परीक्षेला काशीनाथच तिला आपल्या निस्सान मायक्रातून सोडायचे. ते इतकी सावकाश गाडी चालवत की शाळेत बसने लवकर पोचता आलं असतं. पेपर संपेपर्यंत ते फ्लास्क घेऊन कार पार्कमध्ये थांबत. एका शिक्षिकेने काचेवर टकटक करून विचारलं, आपण कोण? काशीनाथ उत्तर शोधत होते, तेवढ्यात मागून केरी-अ‍ॅन येऊन म्हणाली, "ते माझ्याबरोबर आहेत."

ऑगस्टमध्ये निकाल लागला. साउथहॅम्प्टनला समुद्रविज्ञानासाठी तिला प्रवेश मिळाला. त्या दिवशी ती दुपारभर खोलीत होती. संध्याकाळी लता चादरी ठेवायला गेली तर बॅगा रिकाम्या होत्या. कपडे कपाटात होते, खिडकीवर शंख मांडलेले होते. "जायच्या वेळेला सामान लावते ही पोरगी," लता खाली येऊन म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली.

पण शरदात नवीन पेच निघाला. नाताळच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीचं होस्टेल बंद राहणार होतं. कौन्सिलचं म्हणणं, मुलगी आता युनिव्हर्सिटीत गेली, म्हणजे तिचं लॉजिंग संपलं. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला तरी ठेवायचं आहे. रचनाला आतून ते म्हणणं पटतही होतं. खोल्या कमीच होत्या. तिच्या काउंटरवर आलेल्या त्या पहिल्या मुलीसारखी कितीतरी मुलं वाट बघत होती. यातून वाट कशी काढायची ते तिला सुचेना. रविवारी जेवताना तिने हे सगळं घरी सांगितलं.

"त्यात काय एवढं," लता म्हणाली. "दुसरी खोली आहे की."

"कुठली?"

"तुझी."

रचनाने आईकडे पाहिलं. मग ती जिना चढून वर गेली आणि आपल्या जुन्या खोलीचं दार उघडलं. घर सोडून तिला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पलंगावर तीच रजई होती. कपाटात शाळेचा ब्लेझर, भिंतीवर एका बँडचं पोस्टर, कोपऱ्यात मोडकी बॅडमिंटन रॅकेट. ही खोली तिच्यासाठी राखून ठेवा असं कुणालाही, कधीही मागावं लागलं नव्हतं. रचना पलंगावर बसली. एवढी वर्षं ती कमिट्यांपुढे ज्या गोष्टीसाठी गळा कोरडा करत होती ती तिच्याकडे होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

"रॅकेट टाकू का ठेवू?" खालून काशीनाथांनी ओरडून विचारलं.

"टाका!" तिने सांगितलं, आणि डोळे पुसून आवरायला लागली.

ऑक्टोबरात कमिटी पुन्हा भरली. रचनाने सुरुवातीलाच आपले आईवडील या योजनेत आहेत हे सांगितलं, एकविसाव्या वर्षापर्यंतच्या मागणीवर ती बोलली आणि सुट्ट्यांचा विषय ग्लेनिसवर सोडून खाली बसली. ग्लेनिसने तो चहा न सांडता मांडला. मग लोकांच्या प्रश्नांची वेळ आली आणि मागच्या रांगेत सूट घातलेले काशीनाथ उभे राहिले. रचनाने खुर्ची घट्ट धरली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सर," काशीनाथ म्हणाले, "माझ्या घरी एक खोली आहे. त्यात कुणी झोपत नाही. पण खिडकीवर शंख आहेत, आणि एक मुलगी साउथहॅम्प्टनहून फोन करून विचारते, माझे शंख पुसले का. ही खोली रिकामी म्हणायची की भरलेली?"

"भरलेली," चेअरमन म्हणाले. "भरलेलीच म्हणायला हवी. आमच्याकडचा ड्रमसेटही अजून तिथेच आहे."

या वेळी हात मोजायला वेळ लागला नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत फॉस्टर घरात राहता येईल, आणि शिकायला गेलेल्यांची खोली सुट्ट्यांसाठी राखली जाईल, हे दोन्ही मंजूर झालं. एका कौन्सिलपुरतंच झालं, पण झालं. नंतर काही वर्षांनी सरकारनेही अशाच प्रकारची योजना काही ठिकाणी करून पाहिली. देशभरातल्या अनेकांनी त्यासाठी धडपड केली होती, त्यात कार्पेटच्या दुकानावरची ही मंडळीही होती.

रचनाच्या जुन्या खोलीत नोव्हेंबरमध्ये शनाया नावाची मुलगी राहायला आली. तिला प्राण्यांची अजिबात आवड नव्हती, पण ती बुद्धिबळ खेळायची आणि काशीनाथांना हरवायची. नाताळात दोघी मुली एकाच वेळी घरात होत्या आणि बाथरूमवरून रोज भांडत होत्या. लता म्हणाली, आता कुठे घराला घरासारखा आवाज आलाय.

२००७च्या जुलैमध्ये केरी-अ‍ॅनचा पदवीदान समारंभ झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला दोनच पाहुणे आणायची परवानगी होती. केरी-अ‍ॅनने एक तिकीट मॉरीनला दिलं आणि एक लताला. काशीनाथ "मला काय, गर्दी आवडत नाही," असं तीनतीनदा म्हणाले, म्हणजे त्यांना चांगलंच लागलं होतं. रचना त्यांना घेऊन बंदराच्या बाजूला गेली. दोघांनी चिप्स घेतल्या आणि बाकावर बसले. समोर एक पांढरीशुभ्र क्रूझ बोट उभी होती, इमारतीएवढी उंच, आणि सीगल चिप्सवर नजर ठेवून होते.

"आता तुझं काम संपलं का?" काशीनाथांनी विचारलं.

"छे हो बाबा. शेजारच्या कौन्सिलने अजून काहीच नाही केलं. सप्टेंबरमध्ये त्यांचा मीटिंग आहे."

काशीनाथांनी तोंड उघडलं, मग एक चिप तोंडात टाकली. "असू दे," ते म्हणाले. "तुझं चालू राहू दे."

तेवढ्यात तिघी येताना दिसल्या. मॉरीन आणि लता एकमेकींचा हात धरून मोठमोठ्याने बोलत होत्या, आणि मध्ये काळ्या गाऊनमधली केरी-अ‍ॅन, टोपी हातात, वाऱ्याने केस उडालेले. दुरूनच तिने काशीनाथांना पाहिलं आणि पळत सुटली. काशीनाथ उभे राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती पुरती जवळ येऊन त्यांच्या गळ्यात पडेपर्यंत फोटो काढत राहिले. त्यामुळे त्या फोटोंत एक काळा गाऊन आहे, बरंचसं आकाश आहे आणि चिप्स पळवणारा एक सीगल मात्र अगदी स्पष्ट आला आहे.